असं का? : फुलातला जांभळा, मोबाइलमधला जांभळा

घोड नदीच्या खोऱ्यात, निरगुडसरसारख्या गावांच्या बांधांवर आणि ओढ्याकाठी निरगुडी उगवते. उग्र वासामुळे गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. शेंड्याला निळसर जांभळ्या इवल्या फुलांचे तुरे येतात. एक फूल तळहातावर घेऊन पाहावं: खालची पाकळी बाकीच्यांपेक्षा मोठी, जणू मधमाशीला टेकायला ओटाच!

फूल जांभळं का दिसतं? उन्हात सगळे रंग मिसळलेले असतात. पाकळीतलं रंगद्रव्य त्यातले हिरवे-पिवळे बरेचसे गिळतं. उरलेले परत फिरतात आणि आपल्या डोळ्यांत शिरतात.

मोबाइलची गंमत वेगळीच. त्याच्या पडद्यावर फक्त लाल, हिरवे आणि निळे ठिपके असतात. जांभळा ठिपका नसतोच. मग फोटोत फूल जांभळं कसं? आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या. इंद्रधनुष्याच्या आतल्या कडेचा अस्सल जांभळा प्रकाश निळा ओळखणाऱ्या पेशींना जोरात जागं करतो, लाल ओळखणाऱ्यांना जरासंच. पडदा लाल आणि निळे ठिपके एकदम उजळतो आणि साधारण तोच परिणाम साधतो. मेंदू बिनतक्रार फसतो.

मधमाशी मात्र जांभळ्याच्याही पलीकडचा, आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश पाहते. लाल तिला नीट दिसत नाही.

फुलातल्या रंगद्रव्याची गंमत घरी करून पाहायची असेल तर निळी गोकर्ण घ्या. फुलं कोमट पाण्यात भिजवा, पाणी निळं झालं की लिंबू पिळा. आंबटपणाने रंगद्रव्य बदलतं आणि पाणी आधी जांभळं, मग गुलाबी होतं. दुसऱ्या पेल्यात खायचा सोडा टाकला, तर रंग हिरव्याकडे झुकतो.