अलंकार ओळखावे कसे?

अलंकार म्हटले म्हणजे परीक्षेपुरती पाठ करावयाची नावे, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. सुरतेत जन्मलेल्या कवी नर्मद यांनी १८५८ मध्ये गुजराती वाचकांसाठी ‘अलंकारप्रवेश’ लिहिला. त्यांच्या गावात राहून आपण अलंकारांचे भय का बाळगावे?

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण घेऊ. तिची गोडी ‘जेवण’ व ‘मरण’ यांच्या यमकात आहे. त्यांच्या जागी ‘भोजन’ व ‘मृत्यू’ हे शब्द घातले, तर अर्थ टिकतो, पण गोडी नाहीशी होते. शब्द बदलताच जो नाहीसा होतो, तो शब्दालंकार.

आता ‘तापी आईसारखी सुरतेला पाणी पाजते’ हे वाक्य पाहू. येथे ‘आई’च्या जागी ‘माता’ म्हटले, तरी उपमा कायम राहते. म्हणून हा अर्थालंकार. ‘तापी ही सुरतेची आईच’ म्हटले की दोघींतील भेद मिटतो व रूपक होते. ‘तापी म्हणजे जणू आईच’ या कल्पनेत उत्प्रेक्षा आहे.

ऑगस्ट २००६ च्या महापुरात सुरतेचा मोठा भाग बुडाला. त्याविषयी बोलताना ‘तापी कोपली’ असे आपण म्हणतो. निर्जीव नदीला येथे माणसाचा राग दिला आहे. ही चेतनगुणोक्ती होय. पुराची भीषणता या दोन शब्दांत मावते. परंतु उकाई धरणातून सोडलेले पाणी मात्र त्यांत दिसत नाही.

म्हणून अलंकाराचे नाव सांगून आपण थांबू नये. त्याने काय उजळले आणि काय झाकले, हेही पाहावे.