सुट्टीतले विज्ञान-शिबिर : मुक्काम कशासाठी?

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या आवारात एक वेगळीच वर्दळ सुरू होते. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून आलेली पंधरा ते अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली पाठीवर पिशव्या घेऊन येतात आणि दोन-तीन आठवडे तिथेच राहतात. हे केंद्र 1974 साली सुरू झाले. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे, आणि या संस्थेला 2002 सालापासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. म्हणजे ही मुले खऱ्या अर्थाने एका विद्यापीठाच्या परिसरात राहत असतात.

मुले येतात ती आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धांच्या निवड शिबिरांसाठी. भारत गणिताच्या ऑलिंपियाडमध्ये 1989 पासून, भौतिकीच्या 1998 पासून, रसायनशास्त्राच्या 1999 पासून आणि जीवशास्त्राच्या 2000 पासून भाग घेतो आहे. निवडीची रीत थोडक्यात अशी : नोव्हेंबरमध्ये इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही शिक्षकांची संघटना विज्ञान विषयांची पहिली चाळणी परीक्षा घेते. तिला हजारो मुले बसतात. त्यातून निवडलेली काहीशे मुले दुसऱ्या, बऱ्याच कठीण परीक्षेला बसतात. त्यातून एकेका विषयाची 35 ते 50 मुले शिबिराला येतात आणि शेवटी देशाच्या संघात चार ते सहाजण जातात. गणिताची व्यवस्था थोडी निराळी आहे, तिच्यात इथे शिरत नाही.

वृत्तपत्रांत बातमी येते ती शेवटच्या चार-पाच जणांची आणि त्यांच्या पदकांची. आम्हाला मात्र उरलेल्या तीस-चाळीस मुलांविषयी अधिक कुतूहल वाटते. संघात निवड न होताही ही मुले तीन आठवडे काय घेऊन जातात? आणि हे काम रोज जाऊन-येऊन का होत नाही, त्यासाठी मुक्काम का लागतो?

मीरा-भाईंदरच्या शिक्षकांना या प्रश्नाचे अर्धे उत्तर लगेच सुचेल. मीरा रोडला गाडी पकडायची, अंधेरीला उतरून हार्बरची गाडी घ्यायची, वडाळ्याला पुन्हा बदलायची आणि मानखुर्दला उतरायचे. जाऊन-येऊन दिवसाचे तीन-चार तास सहज जातात आणि पोहोचेपर्यंत अंगात काही करण्याचे त्राण उरत नाही. 1991 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली आपली वस्ती 2011 मध्ये आठ लाखांवर गेली. घरे आली, शाळा आल्या, शिकवणी वर्ग तर गल्लोगल्ली आले. पण मोठी प्रयोगशाळा आणि ग्रंथालय असलेले विद्यापीठाचे आवार म्हटले, की अजूनही लोकलच्या वेळापत्रकाकडेच पाहावे लागते.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मात्र प्रवासाशी संबंधित नाही. आपल्या शाळेची तासिका 35 मिनिटांची. त्यात हजेरी, मागचा धडा, नवा धडा आणि गृहपाठ. प्रश्न तासिकेत मावेल एवढाच घ्यायचा, हे आपण शिक्षक नकळत शिकतो आणि मुलेही शिकतात. आता तुलना करा. भौतिकीच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये प्रयोगाची परीक्षा पाच तासांची असते. गणिताच्या ऑलिंपियाडमध्ये साडेचार तासांत फक्त तीन प्रश्न असतात. ज्या मुलाने आयुष्यात एका प्रश्नाजवळ सलग वीस मिनिटेही घालवलेली नाहीत, त्याला पहिला तास संपल्यावर काय करावे हेच कळत नाही. हुशारी कमी नसते. न सुटलेल्या प्रश्नाशेजारी बसून राहण्याची सवय नसते.

ही सवय मुक्कामात लागते. दुपारी प्रयोगशाळेत अडलेला प्रश्न संध्याकाळी चहाबरोबर येतो, रात्री जेवणाच्या टेबलावर येतो आणि वसतिगृहाच्या जिन्यात अकरा वाजता कुणीतरी म्हणते, “अरे, आपण घर्षण धरलंच नाही!” असा क्षण वेळापत्रकात लिहिता येत नाही. फक्त त्याच्यासाठी मोकळी जागा ठेवता येते.

आणखी एक गोष्ट घडते, ती थोडी कडू आहे. आपल्या शाळेत दहा वर्षे पहिला येणारा मुलगा इथे पस्तीसांतला एक होतो. काहींना हा धक्का चांगला लागतो. ऐकणारे आणि उलट प्रश्न विचारणारे सवंगडी पहिल्यांदाच भेटल्याचा त्यांना आनंद होतो. काही मुले मात्र पहिले तीन-चार दिवस गप्प होतात. आमच्यापैकी ज्यांनी अशा शिबिरांत तास घेतले आहेत, त्यांचे मत असे, की गेल्या वर्षी शिबिराला येऊन गेलेली थोरली मुले या वेळी प्राध्यापकांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

ही कल्पना अर्थातच आपल्याकडे जन्मलेली नाही. अमेरिकेत अर्नॉल्ड रॉस या गणितज्ञाने 1957 साली नोत्र दाम विद्यापीठात शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला आणि 1964 मध्ये तो ओहायो राज्य विद्यापीठात नेला. विषय एकच, अंकशास्त्र. आणि आग्रहही एकच, साध्या गोष्टींचा खोलवर विचार. सायबेरियात नोवोसिबिर्स्क येथे शास्त्रज्ञांनी 1962 साली ऑलिंपियाडमधून निवडलेल्या मुलांची उन्हाळी शाळा भरवली आणि पुढच्याच वर्षी तिथे कायमची निवासी शाळा उभी राहिली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांची वाट वेगळी होती. त्यांनी 1972 पासून बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांची परीक्षा देऊन गणितातली कुवत शोधायला सुरुवात केली. त्यांच्या कामातून 1980 पासून जे निवासी वर्ग सुरू झाले, त्यांत वर्षभराचा अभ्यासक्रम तीन आठवड्यांत पुरा करता येई.

एकीकडे खोली, दुसरीकडे वेग. आम्हाला विचाराल तर आपल्याकडच्या मुलांना वेगाची गरज नाही. आठवीतल्या मुलाला अकरावीचा भाग उरकून देणारे वर्ग भाईंदर स्टेशनच्या दोन्ही बाजूंना आहेत. सुट्टीतले शिबिरही तेच करणार असेल तर त्याने सुट्टी तरी का खावी?

खोली म्हणजे काय ते एका उदाहरणाने पाहू. भाईंदरची ओळख एकेकाळी मिठागरांवरून होती. आठवी-नववीच्या मुलांना एवढेच विचारा : एक किलो समुद्राच्या पाण्यातून किती पाणी उडाले की मीठ दिसू लागेल? एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यांपैकी 27 ग्रॅमच्या आसपास आपले खाण्याचे मीठ. बाकी पाणी 965 ग्रॅम. शंभर ग्रॅम पाण्यात फार तर 36 ग्रॅम मीठ विरघळते. म्हणजे 27 ग्रॅम मीठ विरघळलेले ठेवायला 75 ग्रॅम पाणी पुरते. तेव्हा जवळजवळ 890 ग्रॅम पाणी उडून जाईपर्यंत मिठाचा एक कणही दिसायचा नाही! (इतर क्षारांमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो.) नऊ-दशांशाहून अधिक पाणी नुसतेच आटवावे लागते, म्हणून मिठागरात मीठ धरण्याच्या कप्प्यांपेक्षा पाणी आटवण्याच्या कप्प्यांना कितीतरी जास्त जागा लागते.

इथे तासिका संपते. शिबिरात प्रश्न इथे सुरू होतो. पाणी किती दाट झाले हे मीठ दिसण्याआधी कसे ओळखायचे? शरबताची सरळ नळी घ्या, तिचे एक टोक मेणाने बंद करून आत थोडी वाळू भरा आणि ती पाण्यात उभी तरंगवा. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025, मिठाने पुरते भरलेल्या पाण्याची 1.20. समुद्राच्या पाण्यात 12 सेंटीमीटर बुडणारी नळी दाट पाण्यात सव्वादहाच सेंटीमीटर बुडेल. पावणेदोन सेंटीमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसतो. मिठागरात याच तत्त्वावरचे काचेचे उपकरण वापरतात. मुलांनी आपल्या नळीवर खुणा करायच्या, आणि दोन गटांच्या खुणा जुळत नाहीत असे दिसले की भांडायचे. हे भांडण होऊ द्यावे.

मग कुणीतरी विचारते, की सगळेच पाणी आटवून का टाकत नाहीत? कारण शेवटच्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार साठतात आणि ते कडू असतात. मिठागरात ते पाणी काढून टाकतात. आणि पावसाळ्यात मीठ का पिकत नाही? पाऊस पडतो म्हणून, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. मिठाने पुरते भरलेले पाणी सुमारे 75 टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोलात असते. हवा त्याहून दमट असेल तर पाऊस थांबला तरी ते पाणी आटत नाही, उलट हवेतली वाफ ओढून घेते. श्रावणात स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ पाझरते त्यामागे हेच कारण आहे. त्यातला उरलासुरला मॅग्नेशियमचा अंश ते आणखी लवकर घडवतो. मिठागरातून निघालेला प्रश्न असा घरच्या फडताळात येऊन पोहोचतो, आणि त्याला दोन दिवस लागतात.

असे दोन-तीन दिवसांचे मुक्कामी शिबिर दिवाळीनंतरच्या सुट्टीत शाळेच्याच वर्गांत भरवता येते. त्याला मोठी साधने लागत नाहीत. पालकांचा विश्वास लागतो, विशेषतः मुलींच्या पालकांचा. मुलींसाठीचे युरोपीय गणित ऑलिंपियाड 2012 साली सुरू झाले आणि भारतातून 2015 पासून तिथे संघ जातो, तो याच उणिवेवरचा एक उपाय आहे. तरीही घरापासून दूर राहायला पाठवायचे की नाही, हा निर्णय स्वयंपाकघरात होतो. तिथे ज्यांचे ऐकले जाते अशा व्यक्ती फार थोड्या असतात. वर्गशिक्षिका त्यांपैकी एक.

भाषेचा अडसरही खरा आहे. 1980 च्या दशकात प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या कामात दिसले, की अनेकदा मुले विज्ञानात नव्हे तर वाचून समजण्यात आणि आकडेमोडीच्या पायात अडकतात, आणि तेवढे नीट करून घेतले की त्यांची प्रगती होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तर प्रत्येक देशाचे मार्गदर्शक रात्र जागून प्रश्नपत्रिका आपापल्या भाषेत आणतात. म्हणजे विचार आपल्या भाषेत करण्याला तिथे कुणी कमीपणा मानत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना सुरुवात म्हणून सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सोयीची आहे.

ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षेची नोंदणी साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञानाची वेगळी परीक्षा आहे. शिबिराला निवड झाली तर राहण्याजेवण्याचा खर्च मुलांवर पडत नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवावे; बरीच मुले केवळ या धास्तीने अर्जच भरत नाहीत.