जुने दिवाळी अंक जपायचे कसे?

का. र. मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’चा १९०९ चा अंक मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो. असे जुने अंक जमवणाऱ्यांची नवी मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात असते. खाडीकाठच्या या शहरात तेव्हा हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. कागदाला मात्र ५० टक्क्यांच्या आसपासची मानवते.

मासिकांचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातील लिग्निनमुळे तो पिवळा पडतो, आम्लामुळे ठिसूळ होतो. दमटपणाने बुरशी धरते, कसर लागते, पिना गंजतात.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणे ही मोठी चूक. तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशनही नकोच. जाणकार पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात; ती पाण्याने पुन्हा सोडवता येते.

घरी काय करावे? गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढून अंक सुती दोऱ्याने शिवावा. आम्लमुक्त कागदात गुंडाळून तो ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावा. उन्हात वाळवू नये. आणि जाहिरातींची पाने फेकू नयेत. त्या काळचे बाजारभाव तिथेच सापडतात.