दूरचित्रवाणी-संचाचे आकारमान आणि रिसोडचे घर

दूरचित्रवाणी-संचाचे आकारमान इंचांत सांगितले जाते, ते पडद्याच्या कर्णाचे माप होय, रुंदीचे नव्हे. पिक्चर ट्यूबच्या जुन्या संचांत रुंदी व उंची यांचे प्रमाण ४:३ असे. आजच्या सपाट पडद्यांत ते १६:९ असते. त्यामुळे २५ इंची जुना संच काढून ३२ इंची नवा आणला, तरी चित्राची उंची पाऊण इंचानेही वाढत नाही. आकडा वाढला म्हणजे चित्र त्याच मानाने वाढले, हा समज म्हणूनच फसवा ठरतो.

खरा प्रश्न पडद्याचा नसून अंतराचा आहे. निरोगी डोळ्यास सुमारे एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या, कोनातील तपशील वेगळा ओळखता येतो. यावरून गणित करता, ५७६ ओळींचे साधे चित्र त्याच्या उंचीच्या सहापट अंतरावरून एकजीव दिसते. १०८० ओळींच्या चित्रास सव्वातीनपट अंतर पुरते.

वाशीम जिल्ह्यातील रिसोड या तालुक्याच्या गावी बैठकीची खोली दहा बाय बारा फुटांची आहे असे धरू. भिंतीपासून बसणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंतचे अंतर आठ फूट, म्हणजे सुमारे २४० सेंटिमीटर पडेल. साध्या प्रतीच्या चित्रासाठी येथे ४० सेंटिमीटर उंचीचा पडदा योग्य. तो नेमका ३२ इंची संचाचा होय. १०८० ओळींचे चित्र येत असेल, तर त्याच जागेवरून ६० इंचही चालतील. तेव्हा घरात चित्र कोठून येते, हे आधी पाहिले पाहिजे. मासिक वर्गणी नसलेल्या डीडी फ्री डिशवरील बहुतांश वाहिन्या साध्या प्रतीच्या आहेत. त्या ५५ इंची पडद्यावर नीट पाहावयाच्या तर साडेतेरा फुटांवर बसावे लागेल. एवढी ती खोलीच नाही! नवे संच मधल्या ओळी भरून काढतात हे खरे. परंतु मुळात नसलेला तपशील त्यांना निर्माण करता येत नाही.

३२ इंचांच्या लोकप्रियतेस करव्यवस्थेचाही हातभार लागला असावा. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्यांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोहोंवर १८ टक्केच आहे. मोठ्या संचाचा मोह आता त्या मानाने स्वस्त झाला आहे.

तथापि ज्या घरी एकाच खोलीत जेवणे, झोपणे व मुलांचा अभ्यास चालतो, तेथे निराळा हिशेब लागतो. पडद्याचे क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३२ ऐवजी ५५ इंच म्हणजे जवळजवळ तिप्पट उजळ भिंत. तिच्याकडे पाठ करून दहावीचे पुस्तक वाचणे कठीण. त्यासाठी दुसरी खोली हवी, आणि ती संचाच्या किमतीत मिळत नाही.

उंचीकडे तर फारच दुर्लक्ष होते. सतरंजीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर असतात. पडद्याचा मध्य पाच फुटांवर टांगला, तर आठ फुटांवरून दृष्टी सतरा अंश वर न्यावी लागते. मान अवघडते ती यामुळे; दोष मात्र संचाला दिला जातो.

घरातील वृद्धांना खालच्या पट्टीवरील अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून मोठा संच घेण्याचे ठरते. ज्यांची दृष्टी निम्म्यावर आली आहे त्यांना अक्षर दुप्पट दिसावयास हवे. आजींची खुर्ची आठ फुटांवरून चार फुटांवर सरकवली, तरी तेच साधते.