खड्यात मावलेली अ‍ॅमेझॉन

अँडीजच्या पायथ्याशी जन्मायचं, प्रवाहाबरोबर वाहत अ‍ॅमेझॉनच्या मुखापर्यंत यायचं, तिथे वाढायचं आणि अंडी घालायला पुन्हा डोंगराकडे फिरायचं. दोरादा या मिशावाल्या माशाची ही फेरी ११,६०० किलोमीटरपर्यंत भरते. गोड्या पाण्यातल्या माशाचा याहून लांबचा प्रवास ज्ञात नाही. पण परतणारा मासा आपल्याच जन्मनदीत येतो का? याचं उत्तर मिळालं त्याच्या कानातल्या काही मिलिमीटरच्या खड्यात.

हा खडा कॅल्शियम कार्बोनेटचा. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर वाढतात. असे थर रोजच्या रोज चढतात, हे जॉर्जिओ पानेला यांनी १९७१ मध्ये दाखवलं. एका दिवसाचा थर अवघ्या काही मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांशांचा. मासा उपाशी राहिला तरी चढलेला थर सहसा विरघळत नाही. त्या दिवसाच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम त्यात कायमचं अडकतं.

ते मोजायचं कसं? खडा घासून पातळ चकती करतात आणि तिच्यावर लेझर रोखतात. ३० मायक्रोमीटर रुंद आणि १० मायक्रोमीटर खोल खळगा पडला, तर उडालेल्या भुकटीचं वजन भरतं सुमारे २० नॅनोग्रॅम. अशा ५ कोटी खळग्यांची भुकटी जमवली, तर कुठे १ ग्रॅम होईल! दर १० लाख भागांत ५०० भाग स्ट्रॉन्शियम धरलं, तरी एका खळग्यात त्याचे सुमारे ७,००० कोटी अणू निघतात. ही भुकटी ६,००० ते १०,००० केल्विन तापलेल्या आरगॉनच्या प्लाझ्मात जाते, अणूंचे आयन होतात आणि वजनानुसार वेगळे मोजले जातात.

खरी खूण दडलेली असते स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांच्या प्रमाणात. खडकातलं रुबिडियम-८७ क्षय पावून स्ट्रॉन्शियम-८७ बनतं. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४,९०० कोटी वर्षं, विश्वाच्या वयाच्या साडेतीनपट! म्हणून जुन्या, रुबिडियमयुक्त खडकांवरून वाहणाऱ्या नदीत स्ट्रॉन्शियम-८७ जास्त. समुद्रात स्ट्रॉन्शियम-८६ च्या १ लाख अणूंमागे ते सुमारे ७०,९१८ असतं. अ‍ॅमेझॉनची उपनदी मादेइरा हिच्या वरच्या खोऱ्यात ते ७२,००० च्या आसपास जातं. फरक जेमतेम दीड टक्क्याचा, पण यंत्राला तो लख्ख दिसतो.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याच खुणेवरून कळलं, की वरच्या मादेइरात पकडलेले बहुतेक दोरादा तिथेच जन्मले होते आणि अ‍ॅमेझॉनच्या खालच्या भागात वाढून परतले होते. त्याच मादेइरावर आज सांतो अँतोनियो आणि जिराउ ही धरणं उभी आहेत. एका माशाचं घर म्हणजे अख्खी नदी, हे या २० नॅनोग्रॅम भुकटीनं सिद्ध केलं. नदी तुकड्यातुकड्यांनी वाचवता येत नाही, हे धरणाचा आराखडा काढण्याआधीच लक्षात घ्यायला हवं.