अ‍ॅसिटोनपुढे विरघळणारी चकती

बेंगळुरूत एनसीबीएससारखी संशोधन संस्था असो की औषधांची तपासणी करणारी खासगी प्रयोगशाळा, सिरिंजच्या तोंडाला लावायचा छोटा फिल्टर सगळीकडे हाताशी असतो. प्लास्टिकच्या डबीत पांढरी, कागदासारखी चकती आणि पाकिटावर ठळक आकडा: 0.22 मायक्रॉन. आकडा बरोबर म्हणजे फिल्टर बरोबर, असं नव्या माणसाला वाटतं.

हा आकडा फक्त छिद्रांचा. आपल्या द्रावकात चकती टिकेल की नाही, हे तिच्या पॉलिमरवर ठरतं. सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या चकतीवर अ‍ॅसिटोन पडलं की तिचा पांढरेपणा जातो, ती चिकट होते आणि विरघळते. नवल वाटायचं कारण नाही. 1960च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी खारं पाणी गोडं करणारी मेम्ब्रेन (चकतीसारखाच गाळणारा पातळ पडदा) बनवली, तीच मुळी सेल्युलोज अ‍ॅसिटेट अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून, काचेवर पातळ पसरून आणि थंड पाण्यात बुडवून. आजही असंख्य मेम्ब्रेन याच रीतीने होतात. पॉलिइथरसल्फोनसाठी अ‍ॅसिटोनऐवजी एनएमपी किंवा डीएमएफ वापरतात, एवढाच फरक. ज्या द्रावकातून मेम्ब्रेन घडते, तेच तिला मोडतं.

‘चकती फाटली नाही, म्हणजे ती शाबूत आहे’ हा गैरसमज जास्त महागात पडतो. पेशींवर काम करणारे बरेच जण औषध डीएमएसओत विरघळवून ठेवतात. हे द्रावण पॉलिइथरसल्फोनच्या फिल्टरमधून गाळलं, तर थोडं पॉलिमरही त्यात उतरतं. बाटलीत सगळं नितळ दिसतं. पुढे त्या द्रावणाचा थेंब पाण्यासारख्या माध्यमात पडला की विरघळलेलं पॉलिमर पांढरट होऊन बाहेर येऊ शकतं, आणि दोष मात्र औषधाच्या माथी मारला जातो. काही द्रावकांत मेम्ब्रेन विरघळत नाही, नुसती फुगते. तेवढ्यानेही छिद्रांचा आकार बदलतो आणि पाकिटावरच्या आकड्याचा भरवसा उरत नाही.

द्रावकाचं नुसतं नाव ऐकून घाबरण्यातही अर्थ नाही. तीव्र फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये नायलॉन विरघळतं, पण एचपीएलसीत (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजण्याच्या तंत्रात) लागणारं 0.1 टक्का फॉर्मिक अ‍ॅसिड ते सहज सोसतं. प्रमाण, तापमान आणि वेळ, तिन्ही बघावं लागतं.

मग सरसकट पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, का वापरू नये? द्रावकांपुढे त्याच्याइतका टिकाऊ पर्याय क्वचितच मिळेल, पण साधं पीटीएफई पाण्याने भिजतच नाही. पाण्यातलं द्रावण गाळायचं असेल, तर आधी मिथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते भिजवून घ्यावं लागतं, नाहीतर दट्टा जागचा हलत नाही.

पॉलिमर आणि सेंद्रिय द्रावक यांचं कधीच जमत नाही, असंही नाही. 1998 साली टेक्सासच्या बोमाँट रिफायनरीत वंगणतेलातलं मेण काढताना वापरलेले टोल्युइन आणि मिथाइल इथाइल कीटोन परत मिळवायला पॉलिइमाइडच्या मेम्ब्रेन बसवल्या गेल्या. नेमकं पॉलिमर निवडलं, तर काम कारखान्याच्या मापावरही चालतं.

फिल्टर उघडण्याआधी उत्पादकाचा सुसंगतता तक्ता वाचा, आणि डबीच्या प्लास्टिकचं नावही त्यात शोधा. शंका उरली, तर सुटी चकती तुमच्याच द्रावकात रात्रभर ठेवा. शिवाय नमुन्याआधी नुसतं द्रावक फिल्टरमधून गाळून एचपीएलसीच्या यंत्रावर तपासा. आलेखात अनोळखी शिखर दिसलं, तर ते फिल्टरमधून आलेलं असू शकतं.