पंचेचाळीस मीटर सुतळीवरचा जीवनाचा प्रवास

उत्क्रांतीचा धडा शिकताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो कोटींच्या आकड्यांचा. ६ कोटी काय नि ३५० कोटी काय, दोन्ही ऐकायला सारखेच वाटतात! म्हणून एक काम करा. शाळेच्या मैदानावर ४५ मीटर ४० सेंटीमीटर लांबीची सुतळी ताणून धरा. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे. म्हणजे सुतळीचा १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं आणि १ सेंटीमीटर म्हणजे १० लाख वर्षं. एका टोकाला पृथ्वीचा जन्म, दुसऱ्या टोकाला आजचा दिवस. आपण आजच्या टोकापासून मागे मोजायचं.

पहिली गाठ ३५ मीटरवर मारा. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत स्ट्रोमॅटोलाइट सापडले आहेत. सूक्ष्मजीवांचे थरावर थर बसून तयार झालेल्या या रचना म्हणजे जीवनाच्या जुन्यात जुन्या भरवशाच्या खुणांपैकी एक. आता जरा सुतळीकडे बघा. इथून पुढे आजच्या टोकाकडे चालत या. डोळ्यांना दिसतील असे प्राणी भेटायला जवळजवळ ६ मीटरच्या खुणेपर्यंत यावं लागतं. म्हणजे पृथ्वीवरच्या जीवनाचा बहुतेक सगळा इतिहास हा सूक्ष्मजीवांचाच आहे. पुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात आणि डायनोसॉरला अख्खं पान!

पण याच सूक्ष्मजीवांनी पृथ्वी बदलून टाकली. त्यांच्यातल्या नीलहरित जीवाणूंनी सूर्यप्रकाशात पाणी व कार्बन डायऑक्साइड वापरून अन्न तयार करायला सुरुवात केली. या कामात टाकाऊ म्हणून बाहेर पडला तो ऑक्सिजन. सुरुवातीला तो हवेत साठलाच नाही. त्या काळी समुद्राच्या पाण्यात भरपूर लोह विरघळलेलं होतं. ऑक्सिजनने ते गंजलं आणि तळाशी थर बनून बसलं. गोव्यातल्या खाणींमधलं आणि गडचिरोलीच्या सुरजागडचं लोहखनिज हे त्या प्राचीन समुद्रतळावरच्या अशाच पट्टेदार लोहखडकांपासून आलेलं आहे.

मग साधारण २४ मीटरच्या खुणेवर, म्हणजे २४० कोटी वर्षांपूर्वी, ऑक्सिजन हवेत साठू लागला. आपल्याला वाटतं, किती छान झालं! पण तेव्हाच्या बहुतेक जीवांसाठी ऑक्सिजन हे विष होतं. ज्यांना ते सोसवलं नाही ते एकतर संपले, नाहीतर हवा न पोचणाऱ्या जागी दडून बसले. त्यांचे वंशज आजही आहेत बरं का. भातखाचरातला चिखल, गाईचं पोट, आणि गावाकडचा गोबर गॅसचा प्लांट. त्या टाकीत हवा का शिरू द्यायची नसते, याचं उत्तर इथं आहे. आत काम करणाऱ्या मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन चालत नाही.

उलट काही जीवाणू ऑक्सिजन वापरून जास्त ऊर्जा मिळवायला शिकले. असा एक जीवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथंच राहिला. तुम्ही आकृतीत काढता ती तंतुकणिका म्हणजे त्याचाच वंश. परीक्षेत ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका, तिची ही गोष्टही लक्षात ठेवा.

पुढचं भराभर बघू. ५ मीटर ४० सेंटीमीटरच्या आसपास कँब्रियन काळ सुरू होतो. कवचवाले, पायवाले, डोळेवाले प्राणी समुद्रात दिसू लागतात. ट्रायलोबाइट त्यातलेच. पावणेपाच मीटरच्या सुमारास वनस्पती जमिनीवर आल्या. पावणेचार मीटरवर टिकटालिक भेटतो. कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समिअर बेटावर २००४ साली सापडलेल्या या जीवाश्माला माशासारखे खवले आणि पर आहेत, पण परांच्या आत खांदा, कोपर, मनगट यांच्याशी जुळणारी हाडं आहेत. शिवाय त्याला मान वळवता येत होती, जी माशाला येत नाही.

अडीच मीटरवर मात्र काळी गाठ मारा. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सायबेरियात प्रचंड लाव्हा उसळला, हवा नि समुद्र तापले, आणि समुद्रातल्या ८० टक्क्यांहून अधिक प्रजाती नष्ट झाल्या. सुमारे २७ कोटी वर्षं टिकलेले ट्रायलोबाइटही त्यात गेले. जे उरले त्यांच्या वंशातून पुढे डायनोसॉर आले.

आणि आता आपल्या महाराष्ट्राकडे या. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथं डायनोसॉरच्या शेणाचे जीवाश्म मिळतात. हसू नका, शेण फार कामाचं असतं! लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं, तेव्हा त्यात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. गवताच्या पात्याने बोट कापतं ना, ते याच सिलिकामुळे. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. तोवर समज असा होता की डायनोसॉर गेल्यावर गवत आलं. पिसदुऱ्याच्या शेणात तर निदान पाच प्रकारचं गवत निघालं. ज्वारी, भात, ऊस, बांबू ही सगळी गवताचीच मंडळी, म्हणजे आपल्या ताटाचे पूर्वज डायनोसॉरच्या ताटात होते.

६६ सेंटीमीटरवर शेवटची काळी गाठ. मेक्सिकोच्या युकातान भागात सुमारे १० किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला. त्याच सुमारास इथं दख्खनचा लाव्हा वाहत होता, ज्याचे थर सह्याद्रीच्या कड्यांवर आजही मोजता येतात. पक्ष्यांचा वंश सोडला तर सगळे डायनोसॉर संपले. सस्तन प्राणी तोवर दीड मीटर सुतळीइतका काळ, बहुतेक करून लहानखुरे, त्यांच्या सावलीत जगत होते. त्यांना आता जागा मिळाली.

मग नेहमीचा प्रश्न येतो : माकडापासून माणूस झाला, तर माकडं अजून कशी? अहो, चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे. सुतळीवर ६-७ सेंटीमीटर मागे दोघांचा एकच पूर्वज होता, तिथून दोन वाटा फुटल्या. आपली जात, होमो सेपियन्स, सुमारे ३ लाख वर्षांची. सुतळीवर ३ मिलिमीटर. पट्टी लावून बघा, तुमच्या गाठीची जाडीच त्याहून जास्त भरेल.